कागदाचं नाव घेऊन मागा : माहिती अधिकार, अर्जापासून अपिलापर्यंत

आमच्या शिवारातल्या पांदण रस्त्यासाठी मी पहिला माहिती अधिकार अर्ज टाकला, तेव्हा त्यात अकरा प्रश्न होते. रस्ता अर्धवट का सोडला? मुरूम कमी का टाकला? याला जबाबदार कोण? अठ्ठावीस दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं : 'मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असून अभिलेखात उपलब्ध नाही.' मला फार राग आला. वाटलं, लपवतायत. लपवत असतीलही, पण कायद्याच्या दृष्टीनं ते उत्तर चूक नव्हतं.

दुसऱ्या अर्जात मी एकही प्रश्न विचारला नाही. पाच कागद मागितले, प्रत्येकाचं नाव घेऊन. एकवीस दिवसांत चौदा पानं हातात आली, अठ्ठावीस रुपये भरून. त्यातल्या मोजमाप पुस्तिकेच्या पानावर लिहिलं होतं : लांबी ४५०.००, रुंदी ३.००, जाडी ०.१५, एकूण २०२.५० घनमीटर. त्याच संध्याकाळी आम्ही तिघं टेप घेऊन निघालो आणि वडापासून मोजत गेलो. ३१० मीटरला मुरूम संपला. पुढं नुसती काळी माती, तीही बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेली. शेजारच्या शेतातले काका बांधावर येऊन म्हणाले, "लिव्हलंय किती?" मी पान दाखवलं. त्यांनी आकडा दोनदा वाचायला लावला.

त्या दिवसापासून जो कुणी अर्ज लिहून घ्यायला येतो त्याला मी पहिल्यांदा हेच सांगतो : प्रश्न विचारू नका, कागद मागा. पुढचा सगळा लेख याच एका गोष्टीभोवती आहे.

हा हक्क आला कुठून

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा १२ ऑक्टोबर २००५ पासून, तेव्हाचं जम्मू-काश्मीर वगळता, देशभर पूर्णपणे लागू झाला. महाराष्ट्रात त्याआधीच राज्याचा २००२ चा कायदा होता, त्यामागं अण्णा हजारे यांचं आंदोलन होतं. पण या हक्काची मुळं राजस्थानात आहेत. तिथं मजदूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ च्या डिसेंबरात कोट किराणा गावात पहिली जनसुनवाई घेतली. दुष्काळी कामावरच्या मजुरांनी तिथं हजेरीपट आणि बिलं वाचून घेतली. कामावर कधीच न आलेल्यांची नावं मोठ्यानं वाचली गेली तेव्हा सगळ्या गावाला कळलं, पैसा कुठं गेला. दुष्काळी कामं आणि हजेरीपट मराठवाड्याला नवे नाहीत. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी खडी फोडून काढला, त्यांच्या नातवंडांना हे समजावून सांगावं लागत नाही.

अर्ज करण्याआधी : गरज आहे का ते पाहा

प्रत्येक कागदाला माहिती अधिकार लागत नाही. सातबारा, आठ-अ, फेरफार, जन्ममृत्यूची नोंद यांच्यासाठी नकलेचा साधा अर्ज किंवा ऑनलाइन सोय आहे, आणि ती तीस दिवसांपेक्षा लवकर मिळते. रोजगार हमीचे हजेरीपट, घरकुलाच्या याद्या, रेशन दुकानावरचे व्यवहार बऱ्याच प्रमाणात संकेतस्थळांवर दिसतात. गावातल्या एखाद्या पोराला मोबाईलवर काढायला सांगा. तिथं जो कामाचा क्रमांक, शिधापत्रिकेचा क्रमांक किंवा मंजुरीचं वर्ष सापडेल, ते वहीत लिहून घ्या. तोच क्रमांक अर्जात घातला की 'कोणतं काम ते स्पष्ट होत नाही' असं म्हणायला जागा राहत नाही.

कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयानं सतरा मुद्द्यांची माहिती कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायची असते. त्यातला बारावा मुद्दा गावाच्या सगळ्यात कामाचा आहे : अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं नकार आला की उपयोगी पडतो.

दुसरी एक सोय फार थोड्यांना माहीत आहे. राज्य शासनाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहायला मिळाला पाहिजे. सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. मी तर म्हणेन, अर्ज लिहिण्याआधी एक सोमवार खर्च करा. नस्ती, म्हणजे कामाची फाइल, उघडली की कळतं, तुम्हाला नेमकं कोणतं पान हवंय. 'सगळी कागदपत्रं द्या' असा अर्ज करून तीनशे पानांचे सहाशे रुपये भरण्यापेक्षा ते बरं. कुणी 'आमच्याकडं असं काही नाही' म्हणालं, तर परिपत्रकाची तारीख सांगा आणि आवक-जावकला एक साधं पत्र देऊन त्याची पोच घ्या.

अर्ज कुणाकडं

प्रत्येक कार्यालयात जन माहिती अधिकारी नेमलेला असतो आणि त्याच्या वरचा एक प्रथम अपिलीय अधिकारी. दोघांची नावं-पदं दर्शनी भागातल्या फलकावर लिहिलेली असली पाहिजेत. ग्रामपंचायतीत सहसा ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हाच जन माहिती अधिकारी असतो, तहसीलमध्ये बहुतेक वेळा नायब तहसीलदार. फलक नसेल तर नुसतं 'जन माहिती अधिकारी' असं लिहून कार्यालयाचं नाव घाला. अधिकाऱ्याचं नाव माहीत नाही म्हणून अर्ज अडत नाही.

कार्यालय चुकलं तरी घाबरू नका. कलम ६(३) प्रमाणं, माहिती दुसऱ्या कार्यालयाकडं असेल तर त्यांनीच पाच दिवसांच्या आत अर्ज तिकडं पाठवायचा आणि तुम्हाला कळवायचं. 'हे आमच्याकडं नाही, तिकडं जा' म्हणून अर्ज परत करायचा त्यांना अधिकार नाही. तरीही शक्यतो कागद ज्या टेबलावर आहे तिथंच मागा. वर पाठवलेला अर्ज खाली झिरपत येतो आणि त्यात आठवडे जातात.

राज्याचं कार्यालय आणि केंद्राचं कार्यालय यातला फरक मात्र पक्का लक्षात ठेवा. स्टेट बँक, पोस्ट, नांदेड विभागाची रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण ही केंद्राखाली येतात. तिथं महाराष्ट्राचा कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडता येते. पहिल्या अपिलाला फी नाही आणि दुसरं अपील दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडं जातं. बँकेच्या पीककर्जाच्या अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावल्यामुळं फी आली नाही असं सांगून परत आलेले अर्ज मी पाहिलेत. शेतकऱ्याचा महिना अशानं फुकट जातो.

सहकारी साखर कारखाना आणि पतसंस्था यांच्याबाबत इथं फार गैरसमज आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ च्या थलप्पलम निकालात म्हटलं की सहकारी संस्था केवळ सहकार कायद्याखाली नोंदलेली आहे म्हणून सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. म्हणून कारखान्याला थेट अर्ज केला तर बहुधा नकारच येईल. पण खासगी संस्थेची जी माहिती सरकारी अधिकारी कायद्यानं मागवू शकतो, ती माहिती तुम्हालाही त्या अधिकाऱ्यामार्फत मागता येते, असं कलम २(च) सांगतं. उसाच्या एफआरपीच्या (कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायच्या किमान दराच्या) थकबाकीची माहिती हवी असेल तर साखर विभागाच्या प्रादेशिक सहसंचालकांकडं अर्ज करा, त्यांची कार्यालयं नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. पतसंस्थेच्या लेखापरीक्षण अहवालासाठी तालुक्याचे सहायक निबंधक. पीकविमा खासगी कंपनीचा असला तरी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी. रस्ता एकच : कागद ज्या सरकारी टेबलावरून जातो, ते टेबल शोधा.

अर्ज लिहिताना

महाराष्ट्राच्या नियमांत अर्जाचा नमुना आहे, त्याला 'जोडपत्र अ' म्हणतात. तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं मिळतो. कोऱ्या कागदावर हातानं लिहिलेला अर्जही चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेली मागणी लिहून घ्यायला मदत करणं हे जन माहिती अधिकाऱ्याचं कामच आहे. माहिती का हवी, हे सांगायची गरज नाही. कलम ६(२) मुळं ते विचारताही येत नाही. 'कशाला पाहिजे बाप्पा तुला?' असं कुणी खुर्चीवरून विचारलं तर नम्रपणे एवढंच म्हणा, कायद्यात कारण लागत नाही.

दोन मर्यादा आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनं राज्यात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, असा नियम झाला. म्हणून रस्ता, रेशन आणि शाळेची खोली एकाच अर्जात कोंबू नका. तीन विषय, तीन अर्ज, तीस रुपये.

'का', 'कसं', 'योग्य आहे काय' हे शब्द अर्जातून काढून टाका. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००८ सालीच सांगितलंय की 'का' याचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. अधिकाऱ्यानं तुमच्यासाठी नवा अहवाल तयार करून द्यावा, असंही कायदा म्हणत नाही. नस्तीत जे आहे, ते द्यायचं. म्हणून तुमच्या मनातला प्रश्न घ्या आणि स्वतःला विचारा : याचं उत्तर कुठल्या कागदावर लिहिलेलं असेल? 'रस्ता अर्धवट का' याचं उत्तर मोजमाप पुस्तिकेत असतं. कार्यालयात तिला एमबी म्हणतात. अभियंता कामावर जाऊन मोजतो आणि तिच्यात लिहितो, त्या आकड्यांवर बिल निघतं. बांधकामाच्या कोणत्याही तक्रारीत याहून मोठा कागद नाही.

आमच्या रस्त्याच्या अर्जातला मजकूर असा होता, गावाचं नाव आणि गट क्रमांक तेवढे गाळलेत :

*माहितीचा विषय :* मौजे … येथील गट क्र. … ते गट क्र. … पांदण रस्ता मजबुतीकरण.

*कालावधी :* १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५.

*माहितीचे वर्णन :* वरील कामाच्या पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. (१) प्रशासकीय मान्यता व तांत्रिक मान्यतेचे आदेश, (२) मंजूर अंदाजपत्रक, (३) कार्यारंभ आदेश, (४) मोजमाप पुस्तिकेतील या कामाची सर्व पाने, (५) अदा केलेली देयके. प्रती घेण्यापूर्वी मूळ नस्तीची पाहणी करावयाची आहे, दिनांक व वेळ कळवावी.

*माहिती टपालाने हवी की व्यक्तिशः :* व्यक्तिशः.

कालावधीची दोन्ही टोकं तारखेसकट लिहा. 'गेल्या काही वर्षांतील' असं लिहिलं की उत्तर 'मोघम' या एका शब्दात येतं. पाहणीचं वाक्यही सोडू नका. कलम २(ञ) नुसार नुसत्या प्रतीच नव्हे, नस्ती पाहणं, टिपणं काढणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हाही तुमचा हक्क आहे. सिमेंट रस्ता किंवा जलकुंभाच्या कामात नमुना मागून पाहा. मागणी नुसती नोंदली गेली तरी कामावरचा माणूस जपून वागतो, हा माझा अनुभव आहे.

बाकी विषयांत कागदांची नावं काय? अतिवृष्टीच्या अनुदानात नाव सुटलं असेल तर गावाचा पंचनामा, बाधित शेतकऱ्यांची यादी आणि विशिष्ट क्रमांकाची (अनुदानासाठी प्रत्येक शेतकऱ्याला दिलेल्या क्रमांकाची) यादी मागा. २०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरानंतर ही मागणी गावोगाव झाली. तुमचं नाव पंचनाम्यातच नव्हतं, की होतं पण यादी चढवताना गळालं, हे दोन कागद शेजारी ठेवल्यावरच कळतं, आणि पुढची तक्रार कुणाविरुद्ध करायची हे त्यावरून ठरतं. पीकविम्यासाठी तुमच्या महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांचे तक्ते, उंबरठा उत्पन्नाचा (ज्याच्या खाली पीक गेलं की भरपाई लागू होते त्याचा) आकडा आणि तक्रार निवारण समितीच्या बैठकांचं इतिवृत्त. उन्हाळ्यातल्या टँकरसाठी खेपांची नोंदवही आणि जीपीएसचा अहवाल. कागदोपत्री चार खेपा आणि गावात दोनच, असं असेल तर ते या दोन कागदांतच दिसतं. रेशनसाठी दुकानाचं महिन्याचं नियतन (मंजूर धान्य), उचल आणि दक्षता समितीचं इतिवृत्त. घरकुलासाठी प्रतीक्षा यादी आणि ज्या ग्रामसभेत ती मंजूर झाली तिचा ठराव, उपस्थितांच्या सह्यांसकट. सह्यांचं पान मागायला विसरू नका. मयत माणसाची सही मी स्वतः अशाच एका पानावर पाहिलेली आहे.

फी आणि पोच

अर्जाची फी दहा रुपये. रोख भरून पावती घ्या किंवा कोर्ट फी स्टॅम्प लावा. प्रतीला पानामागं दोन रुपये. पाहणीचा पहिला तास फुकट, पुढं दर पंधरा मिनिटांना पाच रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही, मात्र दाखल्याची प्रत जोडावी लागते.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर तारीख, सही आणि कार्यालयाचा शिक्का घ्या. 'शिक्का साहेबांकडं आहे, ठेवून जा' असं म्हणाले तर ठेवून जाऊ नका. सरळ पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट त्यातच विलीन झालंय, पोचल्याचा पुरावा मागून घ्या आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचा. शासनाच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरही अर्ज करता येतो, तिथं पोच आपोआप मिळते. पण आपलं कार्यालय त्या यादीत आहे का, ते आधी पाहा.

मग एक वही करा. अर्जाची तारीख, तीस दिवस संपतात ती तारीख, पहिल्या अपिलाची शेवटची तारीख. चांगला अर्ज हातातून जातो तो बहुतेक वेळा तारीख चुकल्यामुळंच.

तीस दिवस

उत्तर तीस दिवसांत यायला हवं. माहिती कुणाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ४८ तासांत. मधेच पत्र येईल : इतकी पानं, इतके रुपये भरा. त्यात हिशेब स्पष्ट लिहिलेला असला पाहिजे. ते पत्र पाठवल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस तीसमधून वगळले जातात, म्हणून पत्र आलं की लगेच जाऊन भरा.

तीस दिवस उलटले आणि काहीच आलं नाही, तर कायदा त्याला नकार समजतो. शिवाय त्यानंतर माहिती द्यायची झाली तर कलम ७(६) नुसार फुकट द्यावी लागते. पस्तिसाव्या दिवशी 'चारशे रुपये भरा' असं पत्र आलं तर भरू नका, या कलमाचा उल्लेख करून लेखी उत्तर द्या.

नकार आला तर

नकारात कलम लिहिलेलं असलं पाहिजे, आणि अपील कुणाकडं किती दिवसांत करायचं तेही. कलम नसलेला नकार अपिलात टिकणं अवघड, कारण नकार योग्य होता हे सिद्ध करायचं ओझं अधिकाऱ्यावर असतं.

सगळ्यात जास्त येतो तो 'वैयक्तिक माहिती' हा नकार, कलम ८(१)(ञ). इथं एक मोठा बदल झालाय आणि तो प्रत्येकानं समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. पूर्वी याच कलमात जनहिताची कसोटी होती, आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं वाक्य होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं ते सगळं काढून टाकलं. नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल लागू झाला. ज्या कायद्यानं मजुरांची नावं मोठ्यानं वाचता आली, त्याचा कणाच यानं दुखावला, असं माझं मत आहे. पण दार पूर्ण बंद झालेलं नाही. कलम ८(२) अजून आहे : माहिती उघड करण्यातलं जनहित नुकसानीपेक्षा मोठं असेल तर ती देता येते. अपिलात हे कलम लिहा आणि सोबत कलम ४ चा तो बारावा मुद्दा, म्हणजे लाभार्थ्यांची यादी तर तुम्हीच जाहीर करायची होती. आधार क्रमांक, बँक खातं, आजाराची माहिती स्वतःहून सोडून द्या. 'नाव, गाव, योजना, रक्कम एवढंच हवं' असं लिहिलं की कलम १० प्रमाणं बाकीचा भाग झाकून प्रत देता येते.

'चौकशी सुरू आहे' या नकारावर विचारा, प्रत दिल्यानं चौकशीत नेमका अडथळा कसा येतो? नुसतं चौकशी चालू असणं पुरेसं नाही. 'माहिती विस्तृत आहे' हे तर नकाराचं कारणच नाही. कलम ७(९) फक्त माहितीचं स्वरूप बदलायला सांगतं, अशा वेळी पाहणीची तारीख मागा.

'नस्ती सापडत नाही' हे उत्तर मराठवाड्यात फार ऐकू येतं. यावर लेखी मागा : नस्ती शेवटी कुणाच्या ताब्यात होती, तिची नोंदवहीतली नोंद आणि जतन मुदत काय? मुदतीआधी नष्ट केली असेल तर नष्ट केल्याच्या आदेशाची प्रत. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली अभिलेख बेकायदा नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एका कार्यालयात हे पत्र दिल्यावर आठवडाभरात नस्ती सापडली.

जुन्या जमिनींचं वेगळं आहे. हैदराबाद संस्थानाच्या काळातले आपले अनेक कागद उर्दूत किंवा मोडीत आहेत. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं कुणबी नोंदी धुंडाळल्या तेव्हा हे सगळ्या राज्यानं पाहिलं. प्रत आहे त्या लिपीत मिळेल, भाषांतराचा खर्च तुमचा. खासरा पत्रक, सेतवार, पाहणी पत्रक अशी कागदांची नावं लिहा, सोबत जुना सर्व्हे क्रमांक. आणि वीस वर्षांपेक्षा जुन्या घटनांच्या माहितीला कलम ८ मधले बहुतेक अपवाद लागू होत नाहीत, हे कलम ८(३) अर्जातच नमूद करा.

पहिलं अपील

उत्तर मिळाल्यापासून, किंवा उत्तरच नसेल तर मुदत संपल्यापासून, तीस दिवसांत 'जोडपत्र ब' भरून प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडं द्या. वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लागला पाहिजे.

अपिलात रागाला जागा देऊ नका. मुद्दे चार पुरतात : अर्जाची तारीख, काय मागितलं, काय मिळालं, आणि कोणतं कलम मोडलं. शेवटी प्रार्थना : अमुक अमुक प्रती सात दिवसांत विनामूल्य द्याव्यात. सुनावणीला स्वतः जा आणि बोलायचं ते लिहून न्या, कारण समोर बसलेला अधिकारी जन माहिती अधिकाऱ्याचा वरिष्ठ असतो आणि दहा मिनिटांत सगळं आटोपतं. 'माहिती देण्यात येत आहे' असं तोंडी सांगितलं तर आदेशात लिहून घ्यायला लावा.

मी इथं सगळं बळ लावायला सांगतो, कारण पुढची पायरी लांब आहे.

आयोगाची पायरी

दुसरं अपील नव्वद दिवसांत, 'जोडपत्र क', पुन्हा वीस रुपये. मराठवाड्यासाठी राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. अर्ज, उत्तर, पहिलं अपील, त्याचा आदेश आणि पोचपावत्या, सगळ्यांना पानांचे क्रमांक टाकून जोडा आणि एक प्रत समोरच्या कार्यालयाला पाठवा. सुनावणीला अनेकदा वर्ष उलटतं. तोवर मधेच माहिती देऊन 'अपील मागे घ्या' असं कुणी म्हणालं, तर आधी पानं मोजा.

कलम १८ ची तक्रार आणि कलम १९ चं अपील यात गल्लत करू नका. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात स्पष्ट केलं की तक्रारीवर आयोग दंड करू शकतो, माहिती देण्याचा आदेश मात्र अपिलातच मिळतो. कागद हवा असेल तर अपीलच करा. दंड दिवसाला अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजार, आणि तो अधिकाऱ्याच्या खिशातून जातो. तुम्हाला नुकसान झालं असेल तर भरपाईही मागता येते. ती मागणी अपिलातच लिहा, खर्चाच्या पावत्यांसकट.

जपून

गावात अर्ज टाकणं म्हणजे रोज तोंडं पाहायची त्या माणसांविरुद्ध कागद मागणं. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टी यांचा २०१० साली खून झाला, हे विसरून कुणाला पुढं ढकलू नये. म्हणून एकट्याचं नाव नको. एकाच कामाचे तीन-चार कागद तीन-चार जणांनी वेगवेगळे मागावेत. मिळालेली प्रत त्याच दिवशी पाच जणांच्या मोबाईलवर जाऊ द्या. कागद सगळ्या गावाकडं असला की एका माणसाला गाठून उपयोग नसतो. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर केंद्रानंही कळवलंय की संपर्कासाठी पोस्ट बॉक्स क्रमांक दिला तरी चालतो. धमकी आली तर लगेच पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि आयोगालाही कळवा.

आणि मिळालेला कागद घेऊन कुणाकडं 'मिटवायला' जाऊ नका. असं करणाऱ्या मोजक्या लोकांमुळं प्रामाणिक अर्जदाराकडंही संशयानं पाहिलं जातं, आणि त्याचा त्रास मी भोगलाय.

आमच्या रस्त्याचं सांगतो. मोजमाप पुस्तिकेचं पान आणि आमची मोजणी जोडून गावातल्या एकोणीस जणांच्या सह्यांनी तक्रार दिली. पुन्हा मोजणी झाली, आम्हीही टेपचं दुसरं टोक धरून उभे होतो. पावसाळ्याआधी उरलेला मुरूम पडला आणि त्या वर्षी सोयाबीनच्या गाड्या पहिल्यांदाच शेतातून थेट निघाल्या. आधी काढलेल्या बिलाची वसुली झाली का, ते अजून कळलेलं नाही. वसुलीचा आदेश आणि चलन असे दोन कागद मी नाव घेऊन मागितलेत. तीस दिवस परवा संपतात. तोवर सोमवारी तीन वाजता नस्ती पाहायला जाणार आहे, सोबत ते बांधावरचे काकाही येतायत.